पूर आणि पादुका

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष महिना लागला की आपल्या घराघरांत एकच लगबग असते. पोथीचे वस्त्र धुऊन निघते, चौरंग माळ्यावरून खाली येतो, सोवळे उन्हात पडते. दत्तजयंतीच्या आधीचे सात दिवस श्रीगुरुचरित्राचे पारायण, पौर्णिमेला जन्मसोहळा, दुसऱ्या दिवशी प्रसाद. हे सारे आपण वर्षानुवर्षे करत आलो. आपले वाडवडीलही करत आले.

गेल्या वर्षी याच सप्ताहाच्या समाप्तीला, आरती झाल्यावर, एक भगिनी थांबल्या. साठी ओलांडलेल्या. सगळे प्रसादाला बसेपर्यंत त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, एक विचारू? चाळीस वर्षं पोथी वाचतेय. वाचताना बरं वाटतं. पण समाप्ती झाली की दुसऱ्याच दिवशी पुन्हा तीच धडधड. रात्री दोनला जाग येते, ती येतेच. मुलाचं काय होईल, यांच्या तब्येतीचं काय होईल... माझीच भक्ती कुठे कमी पडते का हो?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "महाराज आहेत, काळजी करू नका" असे काहीतरी तोंडदेखले बोललो आणि प्रसादाच्या पंक्तीकडे वळलो. कारण त्यांचा प्रश्न माझाही होता.

आमच्या सौभाग्यवतीला अर्धांगाचा झटका येऊन आता तीन वर्षे झाली. उजवा हात चालत नाही, बोलणे थोडे जड झाले आहे. घरात आम्ही दोघेच. त्याच सप्ताहात, तिसऱ्या दिवशी, मी पोथी वाचत होतो. तिने आतून हाक मारली, "अहो, पाणी." मी खुणेने थांब म्हटले. थोड्या वेळाने पुन्हा हाक. आणि मी जोरात ओरडलो, "वाचन चाललंय ना! कळत नाही का?" समोर महाराजांची तसबीर, हातात पोथी, अंगावर सोवळे, आणि तोंडात हे शब्द!

तिसरी हाक आलीच नाही. अध्याय संपवून आत गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि तांब्या जमिनीवर कलंडला होता. डाव्या हाताने स्वतःच पाणी घ्यायला गेली असणार. मी काही न बोलता फडके आणले आणि सोवळ्यातच फरशी पुसली. तीही काही बोलली नाही.

त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला वर्ष लागले. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो. मी शास्त्री नव्हे. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

पूर महाराजांच्या घरीही येतो

आपण सगळे नृसिंहवाडीला जातो. कृष्णा-पंचगंगेचा संगम. श्रीनृसिंहसरस्वती महाराज तिथे बारा वर्षे राहिले. पुढे गाणगापूरला निघाले तेव्हा मागे पादुका ठेवून गेले. वडिलांचे बोट धरून मी पहिल्यांदा वाडीला गेलो तो पावसाळा होता. पायऱ्या उतरायला लागलो तर खाली पायऱ्याच नाहीत, नुसते गढूळ पाणी. मी घाबरून विचारले, "बाबा, देव कुठे गेला?" वडील म्हणाले, "देव कुठे जातोय? पाण्याखाली आहे. पाणी जाईल, देव राहील."

दर पावसाळ्यात कृष्णामाई वाढते आणि मंदिरात शिरते. पुराचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतो. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि पूजा-आरती तिथे चालू राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अख्खा शिरोळ तालुका पाण्यात होता. माणसे, जनावरे, घरे, काही म्हणता काही सुटले नाही.

आता विचार करा. प्रत्यक्ष महाराजांच्या पादुका जिथे आहेत, जिथे रोज त्रिकाळ पूजा होते, तिथे पूर येतो. मग कोणी असे म्हणते का, की पुजाऱ्यांची भक्ती कमी पडली म्हणून नदी आत आली? नाही म्हणत. नदी आहे, पाऊस आहे, पूर येणारच.

मायबापहो, मग आपल्याच मनात पाणी शिरले की आपण स्वतःला अपराधी का ठरवतो? मुलाची नोकरी गेली, सुनेशी पटत नाही, गुडघे चालत नाहीत, जोडीदार अंथरुणाला खिळला, ठेवीच्या व्याजात महिना भागत नाही. हा सगळा पाऊसच आहे. काळजी वाटणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे. त्या भगिनींना मी त्या दिवशी हे सांगायला हवे होते: बाई, तुमची भक्ती कमी नाही, तुमच्याकडे यंदा पाऊस जास्त झाला.

पाण्याशी भांडू नये

वाडीच्या पुजारी मंडळींकडून शिकण्यासारखे आहे. पाणी चढते तेव्हा ते नदीशी भांडत नाहीत आणि हातपाय गाळूनही बसत नाहीत. जे हलवण्यासारखे आहे ते वेळेवर वर नेतात. जे हलणारे नाही, त्या पादुका, त्या जागीच राहू देतात. आणि नित्यकर्म थांबवत नाहीत, फक्त जागा बदलतात.

आपले नेमके उलटे होते. जे आपल्या हातात नाही त्याच्याशी रात्र रात्र झुंजतो, आणि जे हातात आहे, म्हणजे वेळेवर औषध, दोन घास जेवण, घरातल्या माणसाशी एक गोड शब्द, तेच सोडून देतो.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर काशीत आपली टीका पूर्ण केली. भागवतात त्या अवधूताचे नाव दिलेले नाही, पण आपली परंपरा त्याला श्रीदत्तात्रेयच मानते. यदू विचारतो, सारे जग वणव्यात होरपळत असताना तू एकटा कसा शांत? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, कोळी. त्यात एक कुरर नावाचा पक्षी आहे, घारीसारखा. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे बलवान पक्षी तुटून पडले, टोचू लागले. हा जिकडे उडे तिकडे ते मागे. शेवटी त्याने तुकडा टाकून दिला. त्याच क्षणी सगळे त्याला सोडून गेले आणि तो सुखी झाला.

मी स्वतःला विचारले, माझ्या चोचीत कोणता तुकडा आहे? बायकोची सेवा हा तुकडा नव्हे, ते माझे कर्तव्य आहे, आणि खरे म्हणजे माझे प्रेम आहे. मग टोचतेय काय? शोधत गेलो तर सापडले. "म्हातारपण असं जायला नको होतं" हा तो तुकडा. निवृत्तीनंतर दोघांनी गिरनार करायचा, गाणगापूरला महिनाभर राहायचे, असे ठरवले होते. ते झाले नाही. ती प्रत्येक हाकेला मला त्याची आठवण करून देत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

तर सोडायचे ते माणूस नव्हे, काम नव्हे. सोडायचा तो "असंच व्हायला हवं होतं" हा हट्ट. तो एकदा टाकून संपत नाही. रोज सकाळी पुन्हा चोचीत येतो. रोज टाकावा लागतो.

त्याच चोवीस गुरूंत पिंगला आहे. ती विदेहनगरीत राहत होती. कोणी धनवान येईल म्हणून ती मध्यरात्रीपर्यंत आत-बाहेर करत राहिली. ना झोप, ना चैन. शेवटी वाट पाहणेच तिने सोडले, जो सदैव जवळ आहे त्याच्याकडे मन वळवले, आणि ती शांत झोपली. आता आपल्यापैकी किती जण असे आत-बाहेर करतो? मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. रविवारी सकाळी दहाला फोन येतो. सव्वादहा झाले की जीव वरखाली. हातात मोबाईल, नजर घड्याळावर, समोरचा चहा गार. फोन आला की पहिले वाक्य काय? "आज आठवण झाली वाटतं!" म्हणजे तासभर वाट पाहिली आणि मिळालेली दहा मिनिटे रुसण्यात घालवली. माया सोडा असे अवधूत आपल्याला सांगत नाही. पण मायेला घड्याळ बांधू नका. फोनची वाट पाहायची तर माळ हातात घेऊन पाहावी. फोन आला तर आनंद, नाही आला तर जप झाला.

दक्षिणद्वार उघडे हवे

मंदिरात शिरलेल्या पाण्याला दक्षिणेचे दार आहे, म्हणून ते वाहून जाते. दार नसते तर पाणी कोंडून भिंतींवर आले असते. आपल्या पिढीचे, विशेषतः आम्हा पुरुषांचे, हे दार बंद असते. रडायचे नाही, सांगायचे नाही, "चार लोकांत कशाला?" म्हणायचे. मग ते पाणी रागाच्या रूपाने भलत्याच माणसावर फुटते. माझे तसेच झाले.

श्रीगुरुचरित्रातली शिरोळची ती माता आठवा. औदुंबर वृक्षाखालच्या पादुकांची सेवा करून तिला पुत्र झाले, आणि मुंजीच्या वयाला आलेला मोठा मुलगा गेला. ती प्रेताला मिठी मारून बसली, कोणाला हात लावू देईना. एक ब्रह्मचारी आला. त्याने देह नाशवंत कसा, हे तिला नाना परींनी समजावले. बोलणे खरेच होते. पण ती म्हणाली, महाराजांनी दिलेले वचन मग काय झाले? तेव्हा त्या ब्रह्मचाऱ्यानेच तिला सांगितले, जिथे वर मिळाला तिथे जा. ती त्या औदुंबराखाली गेली आणि पादुकांवर डोके आपटून रडली.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिचा पुत्र उठला. आपल्या घरातून गेलेले माणूस असे परत येत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे, आणि या वाचकांत कितीतरी जणांनी ते सोसले आहे. म्हणून मी त्या चमत्काराकडे नाही, त्याच्या आधीच्या प्रसंगाकडे बोट दाखवतो. त्या मातेला महाराजांनी "रडतेस काय, ज्ञान ऐकलेस ना?" असे फटकारले नाही. तिची तक्रार, तिचे रडणे, तिचा राग, सगळे त्या पादुकांनी घेतले. देवापुढे शहाण्यासारखेच बोलावे असा नियम नाही. टेंबेस्वामी महाराजांनी रचलेली करुणात्रिपदी आपण रोज म्हणतो. तीत दुसरे काय आहे? लेकराने आईला घातलेली साद आहे. चुकलो, पण तूच जवळ घे, अशी विनवणी आहे.

तेव्हा रात्री दोनला जाग आली तर कूस बदलत बसू नये. उठून बसावे. श्वास सावकाश सोडत "श्री गुरुदेव दत्त" म्हणावे, मोजू नये. मनात जे असेल ते महाराजांना आपल्या बोलीत सांगावे. आणि सकाळी एखाद्या जिवंत माणसालाही सांगावे. मैत्रीण, भाऊ, शेजारी, मंदिरातले कोणी. ऐकणाऱ्यानेही लगेच उपदेश करू नये. मी केला तो चुकला. आधी ऐकावे.

गाळ ओला असताना काढावा

पूर ओसरला की काम संपत नाही. नदीकाठच्या कोणालाही विचारा, गाळ ओला आहे तोवर काढावा लागतो. वाळला की खरवडावा लागतो, आणि तरी डाग राहतात.

आपल्या घरातलेही तसेच. रागाच्या भरात सुनेला एक बोललो, भावाला एक बोललो. ते त्याच दिवशी धुऊन टाकावे. "चुकलो गं" म्हणायला साठीतल्या माणसाची मान खाली जाते असे वाटते. जात नाही. न बोललेला गाळ मात्र वीस वीस वर्षे वाळत राहतो. भाऊ-भाऊ एकाच मंदिरात दोन बाजूंच्या रांगांत उभे राहतात, आपण पाहतो.

त्या दिवशी फरशी पुसून मी पुन्हा पोथीकडे गेलो नाही. तिच्याजवळ बसलो. म्हटले, "चुकलो." ती म्हणाली, "तुम्ही दमलाय." बस, एवढेच. तोपर्यंत मी दमलोय हे मला कोणी म्हटले नव्हते, मीही स्वतःला म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून चौरंग आतल्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी मांडला. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी. हाक आली की ओवी पूर्ण करायची, पोथीवर फूल ठेवायचे, पाणी द्यायचे, हात धुऊन पुन्हा वाचायचे. ती ऐकत असे. एखादे नाव मी चुकीचे वाचले तर जड जिभेने दुरुस्त करी. तिला पोथी माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, हे मला तेव्हा कळले.

आठवड्यातून दोन दिवस आता एक बाई दुपारी घरी येतात. त्या वेळात मी मंदिरात येऊन औदुंबराला प्रदक्षिणा घालतो. पायही मोकळे होतात, मनही. सेवा करणाऱ्यानेही थोडी विश्रांती घ्यावी. त्यात पाप नाही.

पाणी डोक्यावरून जाऊ लागले तर

शेवटचे आणि महत्त्वाचे. कधी कधी पूर इतका वाढतो की माणसाला स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही. हीच कृष्णामाई औदुंबर, वाडी करत पुढे कुरवपूरला जाते. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ महाराज राहत. एक विधवा माता आणि तिचा मंदबुद्धी मुलगा, लोकांची बोलणी ऐकून विटले आणि जीव द्यायला नदीवर आले. महाराज तिथेच स्नानाला आले होते. त्यांनी दोघांना थांबवले, आत्मघाताचे पाप करू नका म्हणाले, तिचे दुःख ऐकून घेतले. मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि तिला शनिप्रदोषाचे व्रत सांगितले. म्हणजे आधी थांबवले, मग ऐकले, आणि मग जगायला काहीतरी हाताशी दिले.

आपल्यापैकी कोणाला, किंवा आपल्या घरातल्या तरुणाला, दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, उगाच रडू येते, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे होत असेल तर ते मनाचे आजारपण आहे. ते लपवू नये, आणि "नामस्मरण कर, बरं वाटेल" एवढ्यावर सोडूही नये. नामस्मरण करावेच, पण डॉक्टरांकडेही जावे. रक्तदाबाची गोळी घेताना आपली श्रद्धा कमी झाली असे आपण म्हणत नाही ना? मग मनाच्या औषधाची लाज कशाला? सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, दिवसा-रात्री कधीही फोन लावता येतो. हा आकडा पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या काठावर महाराज उभे होते. आज तिथे कोणत्या रूपात उभे राहतील, ते आपण ठरवू नये.

दत्तभक्तहो, यंदाही सप्ताहाला आपण सगळे बसू. पोथी वाचून पाऊस थांबेल असे मी आपल्याला सांगणार नाही. पाऊस पडेल, नदी चढेल, कधी पायऱ्याही दिसेनाशा होतील. त्या वेळी वडिलांचे शब्द आठवतो ते आपल्यालाही देतो: पाणी जाईल, देव राहील. तोवर नित्यकर्म सोडू नका, दक्षिणेचे दार उघडे ठेवा, गाळ ओला आहे तोच काढा. आणि पारायणाला बसताना एक करा. घरात कोणाची हाक येण्यासारखी असेल तर त्याला ऐकू येईल आणि आपल्याला त्याचे ऐकू येईल, अशा जागी चौरंग मांडा.

त्या भगिनी यंदा भेटल्या की एवढे सांगणार आहे. त्याआधी मात्र त्यांचे ऐकणार आहे.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥